बळ यायला आधी मरावंच लागतं का?

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. 'स्त्री २' लागला होता आणि आमच्या बचत गटातल्या आम्ही सहाजणींनी संध्याकाळचा खेळ गाठायचा बेत केला. बायका बायकाच भुताच्या सिनेमाला निघाल्या म्हणून घरोघरी थट्टा झाली. "रात्री झोपेत ओरडू नकोस म्हणजे झालं," हे वाक्य जवळजवळ प्रत्येकीने आपापल्या घरी ऐकलं. सिनेमा बघताना आम्ही पोट धरून हसलो, मध्येच एकमेकींचे दंडही आवळले. खेळ सुटला तेव्हा साडेनऊ वाजले होते. पाऊस पडून गेलेला, थिएटरपुढचे दोन दिवे बंद. आणि आम्ही सहाजणी फाटकाच्या आतच उभ्या! कुणाचा मुलगा गाडी घेऊन येणार होता, कुणाचे मिस्टर. पानटपरीवरून चालत पुढे जायला एकही तयार नव्हती. आत अडीच तास मुंडकं नसलेल्या राक्षसाला हसून आलेल्या बायका आम्ही! गटातल्या सगळ्यांत वडील काकू म्हणाल्या, "अगं, भुताचं काय नाही, ते पडद्यावर राहतं. ह्या कोपऱ्यावरच्या पोरांचं काय करायचं ते सांग."

काकूंचं ते बोलणं माझ्या डोक्यात घर करून बसलं. त्यानंतर मी जे जे भुताचे आणि सुपरहिरोचे सिनेमे पाहिले, ते त्याच नजरेने पाहिले. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे ह्या दोनच प्रकारच्या सिनेमांची चलती आहे. मुलं तर दुसरं काही बघायलाच मागत नाहीत. वरवर पाहिलं तर दोन्हींचा काही संबंध नाही. एकात घाबरवतात, दुसऱ्यात वाचवतात. पण मला दोन्हींत एकच प्रश्न दिसायला लागला. माणसात नसलेलं बळ ह्या गोष्टींत कुणाला मिळतं, आणि कधी मिळतं?

आपल्या पिढीने भूत पहिल्यांदा पाहिलं ते व्हिडिओवर. कुणाच्या तरी घरी व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि गल्लीतल्या सगळ्यांनी सतरंजीवर दाटीवाटीने बसायचं. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४ चा. मी पाहिला तो बऱ्याच उशिरा, पण त्यातला शाप अजून आठवतो. एका सैतानाचा शाप, की त्या घराण्यातली बाई बाळंत होताना मरेल. शाप घराण्याच्या पुरुषामुळे लागलेला, मरायचं मात्र बायकांनी! तेव्हा आम्ही डोळ्यांवर ओढणी घेऊन ओरडत होतो. हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण हे काही रामसे बंधूंनी शोधून काढलेलं नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टींतली भुतं आठवून बघा. पुरुषांची भुतं म्हणजे मुंज्या, समंध, खवीस, वेताळ. कुणी पिंपळावर राहतो, कुणी धनावर बसतो, वेताळाची तर पालखी निघते. आणि बायकांची? हडळ, अळवंतीण, जखीण. ह्यातली हडळ आणि अळवंतीण म्हणजे बहुतेक ठिकाणी गर्भारपणात किंवा बाळंतपणात गेलेली बाई. उलट्या पायांची, मोकळ्या केसांची, इच्छा अपुरी राहिलेली. गावोगाव इतक्या हडळी का होत्या, ह्याचं उत्तर सोपं आहे. गावोगाव बायका बाळंतपणात मरत होत्या. कुणी नोंद ठेवत नव्हतं, ती नोंद भुतांच्या गोष्टींनी ठेवली. आज महाराष्ट्रात परिस्थिती खूप सुधारली आहे. २०१८ ते २०२० ह्या काळातल्या सरकारी पाहणीत राज्याचा माता मृत्युदर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. दवाखान्यातली बाळंतपणं, आशाताई, रुग्णवाहिका ह्यांनी जितक्या हडळी घालवल्या, तितक्या कुठल्याच मांत्रिकाने घालवल्या नसतील!

आता अलीकडच्या सिनेमांकडे येऊ. २०१८ च्या 'स्त्री'मध्ये मध्य प्रदेशातल्या चंदेरी गावात रात्री एक भुतीण पुरुषांना उचलून नेते. गाव घाबरून दारावर 'उद्या ये' असं लिहून ठेवतं. अशी एक अफवा नव्वदच्या दशकात बंगळूरकडे खरोखर पसरली होती म्हणतात. सिनेमातली गंमत अशी, की रात्री बाहेर पडायची भीती इथे पुरुषांना वाटते. घरातून निघालेल्या नवऱ्याला बायको बजावते, लवकर ये, एकटा फिरू नकोस. थिएटरमध्ये बायकांच्या बाजूने हशा उसळला तो इथेच, कारण हे सगळं आपण जन्मभर ऐकलेलं. आणि ही भुतीण कोण, तर प्रेम आणि मान मागणारी एक नाचणारी बाई. तो तिला जिवंतपणी मिळाला नाही. लग्नाच्या रात्रीच तिला मारून टाकलं. मेल्यावर अख्खं गाव तिला घाबरून हात जोडू लागलं.

'स्त्री २'मधला मुंडकं नसलेला सरकटा तर शिकलेल्या, आपल्या मताने वागणाऱ्या मुलींनाच उचलतो. पुढे गावातल्या पुरुषांची मतीच तो फिरवतो, आणि ते स्वतःच बायकांना घरात कोंडायला लागतात. मला हा भाग फार खरा वाटला. भूत एकच असतं, कड्या लावणारे हात मात्र घरातले असतात. एक गोष्ट तेवढी खटकली. सिनेमाचं नाव 'स्त्री', पण नायिकेचं नाव काही प्रेक्षकांना कळत नाही, ना पहिल्या भागात, ना दुसऱ्या!

२०२० मधल्या 'बुलबुल'चीही तीच तऱ्हा. जुन्या बंगालमधला जमीनदारी वाडा, लहानपणी लग्न होऊन आलेली मुलगी, मोठ्या घरातलं मोठं पाप आणि 'गप्प राहा' असा बाईनेच बाईला दिलेला सल्ला. हे सगळं सोसून झाल्यावर ती उलट्या पायांची चेटकीण होते आणि बायकांना छळणाऱ्या पुरुषांना शिक्षा देत सुटते. बघताना बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, ह्या पोरीला दाद मिळवायला आधी मरावं लागलं. जिवंत होती तेव्हा डोळ्यांदेखत सगळं घडूनही कुणी बोललं नाही.

आता सुपरहिरोंचा हिशेब मांडू. 'शक्तिमान' दूरदर्शनवर १९९७ मध्ये सुरू झाला, तेव्हा माझा धाकटा भाऊ गोल गोल फिरून चक्कर येऊन पडायचा. त्या मालिकेतली गीता पत्रकार होती, हुशार होती, पण तिला सतत कुणीतरी सोडवावं लागायचं. 'क्रिश'मध्येही नायिकेने संकटात सापडायचं आणि वाट बघायची. परदेशातही फार वेगळं नव्हतं. वंडर वुमन चित्रकथांमध्ये १९४१ पासून आहे, सुपरमॅनपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी धाकटी. सुपरमॅनचा मोठा सिनेमा १९७८ मध्ये आला. वंडर वुमनला मोठ्या पडद्यावर स्वतःच्या नावाचा सिनेमा मिळायला २०१७ उजाडलं. आपली मुलं ज्या मार्व्हलच्या सिनेमांवर जीव टाकतात, त्या मालिकेची सुरुवात २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून झाली. त्यात एकट्या बाईच्या नावावरचा पहिला सिनेमा म्हणजे 'कॅप्टन मार्व्हल', २०१९ चा. तो त्या मालिकेतला एकविसावा!

म्हणजे पडद्यावरचा हिशेब असा झाला. पुरुषाला बळ मिळतं ते जिवंतपणी. वीज पडून, योगसाधना करून, नाहीतर वाडवडिलांकडून. गाव त्याला खांद्यावर घेतं. बाईला बळ मिळतं ते बहुतेक वेळा मेल्यावर, आणि मग तिला बाटलीत भरायला, झाडाला खिळवायला मांत्रिक बोलावतात.

२०२१ च्या 'मिन्नल मुरली' ह्या मल्याळम सिनेमाचंच बघा. मला तो फार आवडला. गावातला एक शिंपी आणि एक चहाच्या टपरीवरचा माणूस, दोघांवर एकाच रात्री वीज पडते. एक रक्षणकर्ता होतो, दुसरा खलनायक. दुसऱ्याचं जिच्यावर वर्षानुवर्षं प्रेम असतं ती उषा आगीत सापडून मरते आणि तो सूडाने पेटतो. सिनेमा उत्तम आहे, पण बाईच्या वाट्याला आलं काय, तर मरण. तिच्या मरणाने त्याची गोष्ट पुढे सरकली. त्याच सिनेमात एक कराटे शिकवणारी मुलगी आहे. तिच्यावर कसलीच वीज पडलेली नाही. जे काही येतं ते रोजच्या सरावाने आलेलं. गाव संकटात असताना ती मागे हटत नाही. मला विचाराल तर त्या सिनेमातली खरी धीराची ती.

आपल्या मातीतला 'मुंज्या' २०२४ च्या जूनमध्ये आला. सिनेमा हिंदी, पण दिग्दर्शक आपले आदित्य सरपोतदार, कोकणातलं गाव, आणि आजीच्या भूमिकेत सुहास जोशी. गोट्या नावाच्या मुलाला स्वतःपेक्षा सात वर्षांनी मोठ्या मुन्नीशी लग्न करायचंय. तिची इच्छा कुणी विचारत नाही, तो तर नाहीच नाही. घरचे त्यावर उपाय काय करतात? त्याची मुंज लावून टाकतात. तो मुन्नी मिळावी म्हणून धाकट्या बहिणीचा बळी द्यायला निघतो, त्यात स्वतः मरतो आणि मुंज्या होऊन वर्षानुवर्षं 'माझं लग्न लावा' म्हणून मागे लागतो. मुन्नी मिळाली नाही तर तिची नात चालेल!

पोरं थिएटरमध्ये त्या मुंज्याच्या किरट्या आवाजाला हसत होती. मला हसू येईना. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या आयांची वाक्यं आठवत होती. "माझ्या पोरीच्या मागे एकजण लागलाय, नाही म्हटलं तरी ऐकत नाही." आणि मुलाच्या आईचं ठरलेलं उत्तर, "लग्न लावून द्या त्याचं, सुधारेल." गोट्याच्या घरच्यांनी मुंज लावली, आपण लग्न लावतो. नकार पचवायला मात्र मुलाला कुणीच शिकवत नाही. मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. मुलीने नकार दिल्यावरही वारंवार पाठलाग करणं, फोनवर, इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ त्यासाठी आहे. पहिल्यांदा गुन्हा सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ह्या मुंज्यांना पिंपळाला बांधायची गरज नाही. वेळेवर तक्रार करावी लागते, आणि तक्रार करणाऱ्या मुलीच्या मागे घराने उभं राहावं लागतं.

सिनेमा आणि आयुष्य ह्यांची गाठ मला सगळ्यांत जवळून दिसली ती एका बाळंतिणीमुळे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जवळच्या एका खेड्यातली बावीस वर्षांची मुलगी, दुसरी मुलगी झालेली. बाळंतपणानंतर तिला झोप लागेना, बाळाला जवळ घेईना, मध्येच किंचाळायची. घरात निदान झालं, 'हडळ लागली'. देवऋषाकडे तीन वाऱ्या झाल्या, तिसऱ्या वेळी मिरच्यांची धुरी दिली. तिथल्या आशाताईने मला कळवलं. आम्ही दोघी गेलो. सासूबाईंशी भांडून उपयोग नव्हता, म्हणून समजूत घातली, की अंगारा राहू दे उशाशी, पण डॉक्टरांना एकदा दाखवू. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात मनोविकारांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाळंतपणानंतर काही बायकांना असा आजार होतो आणि औषधाने बरा होतो. काही महिन्यांत ती खरंच सावरली.

सावरल्यावर एकदा मला म्हणाली, "ताई, एक सांगू? त्या दिवसांत मी ओरडायचे ना, तेव्हा पहिल्यांदाच घरातले सगळे मला घाबरले. मागितलं ते हातात द्यायचे. आता बरी झाले तर पुन्हा कुणी ऐकत नाही."

मला काय बोलावं सुचेना. 'स्त्री', 'बुलबुल' सगळे सिनेमे तिने एका वाक्यात सांगून टाकले होते, आणि ते तिने पाहिलेही नव्हते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं, तो जादूटोणाविरोधी कायदा २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यानंतर आधी वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्या कायद्याने गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. आणि मनाच्या आजाराबद्दल कुणाशी बोलावं असं वाटलं, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मग असे सिनेमे बघूच नयेत का? असं माझं मुळीच म्हणणं नाही. भुताची गोष्ट चांगली सांगितली तर ती भाषणापेक्षा खोल उतरते. २०१७ चा आपला मराठी 'लपाछपी' बघा. उसाच्या फडातलं एकटं घर आणि त्यात आसऱ्याला आलेली आठ महिन्यांची गर्भार नेहा. पूजा सावंतने ती केली आहे. त्यात भुतांपेक्षा भीती वाटते ती गोड बोलणाऱ्या, मायेने भरवणाऱ्या तुळसाबाईची, उषा नाईक ह्यांच्या कामाची ती कमाल. मुलगी नको म्हणणाऱ्या घराचं ते भूत आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, तरी राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. हे आकडे मी सभांमधून कितीदा सांगितले, बायका जांभया देतात. 'लपाछपी' दाखवला त्या दिवशी मात्र कुणी जागचं हललं नाही. नेहाला सोडवायला कुणी नायक येत नाही. ती अवघडलेल्या अंगाने, घाबरत घाबरत, पण स्वतः लढते. आणि ती जिवंत असते!

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेला मल्याळम 'लोका' मुलीने मला घरी हिंदीत लावून दिला. केरळच्या लोककथांमध्ये नीली नावाची यक्षी आहे. तिकडची यक्षी म्हणजे रात्री वाटेत उभी राहून वाटसरूकडे चुना मागणारी आणि मग त्याचं रक्त पिणारी. म्हणजे आपल्या हडळीची मावसबहीणच! सिनेमाने त्या यक्षीलाच सुपरहिरो केलं आहे. कल्याणी प्रियदर्शनने केलेली ही चंद्रा आजच्या बंगळुरात राहते, रात्रपाळीला काम करते आणि दुबळ्यांना छळणाऱ्यांशी झुंजते. जिला मांत्रिकाने खिळवायचं, तीच रक्षण करते. मल्याळम सिनेमांचे कमाईचे आधीचे विक्रम ह्या सिनेमाने मोडले, म्हणजे प्रेक्षकांनाही हे हवंच होतं. मला फार आनंद झाला. तरी एक गोष्ट मनात राहिलीच. चंद्राही साधी माणूस उरलेली नाही. तिच्या लोकांवर अत्याचार झाले, तिचं बालपण गेलं, तेव्हा कुठे तिला हे बळ मिळालं. थोडं पुढे सरकलो आहोत, अजून पोहोचलो नाही.

म्हणून आता मी मुलीबरोबर असा सिनेमा पाहिला, की जेवताना तिला एकच विचारते, "ह्यात जिवंत, साध्या बाईने काय केलं?" कधी उत्तर येतं, "रडली." कधी "वाट बघितली." क्वचित उत्तर येतं, "लढली." आता ती मला न विचारताच सांगते. मुलगा असेल तर त्यालाही हे विचारा. त्याला तर जास्तच विचारा.

आणि त्या पानटपरीचं सांगायचं राहिलंच. 'स्त्री २' नंतर आठवड्याभरात आम्ही सहाजणींनी बंद दिव्यांबद्दल नगरपालिकेत अर्ज दिला. पहिल्या अर्जाचं काही झालं नाही, दुसऱ्या वेळी चाळीस सह्या घेऊन गेलो. दिवे लागले. २०२५ च्या दिवाळीत सरपोतदारांचाच 'थामा' लागला, तेव्हा पुन्हा आम्ही सहाजणी गेलो. खेळ सुटल्यावर घरी फोन करून सांगितलं, न्यायला येऊ नका. टपरीवरून गप्पा मारत चालत आलो. पोरं होतीच उभी. त्यातल्या एकाने काहीतरी पुटपुटलं, तशा काकू थांबल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "काय रे बाळा, काही म्हणालास?"

पोरगं पानाचे पैसे देऊन निघून गेलं. काकूंचे पाय सरळच होते.